पावसाआधी गाडीचेही पुरुमेत : पेडणे-डिचोलीच्या हवेत मोटार कशी सांभाळावी?

मे महिना निम्मा सरला की गोव्यातील घराघरांत ठरलेली लगबग सुरू होते. घराचे नळे परतून घेतले जातात, सुकी लाकडे आडोशाला रचली जातात आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुकी मासळी, मिरची, कोकम आणि मीठ घरी येते. पावसाच्या चार महिन्यांची ही बेगमी म्हणजे आपले पुरुमेत. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत राहून जाते. पुरुमेताच्या पिशव्या जिच्या डिकीतून घरी येतात, त्या गाडीकडे पहिली जोराची सर कोसळून वायपर काचेवर करकरू लागेपर्यंत कोणी पाहत नाही.

गोव्यात हा विषय मोजक्या हौशी लोकांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार गोव्यातील शंभरपैकी सुमारे पंचेचाळीस कुटुंबांकडे मोटार आहे. देशात हेच प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास आहे आणि दुसऱ्या क्रमांकावरील केरळही गोव्याच्या बरेच मागे आहे. संध्याकाळनंतर बस मिळण्याची खात्री नसलेल्या गावांत रुग्णाला इस्पितळात नेण्यापासून मुलाला परीक्षेला सोडण्यापर्यंत सारा भार या गाडीवरच असतो. म्हणूनच ती कशी सांभाळावी, याचा थोडा तपशिलात विचार करणे आवश्यक आहे.

कंपनीचे पुस्तक आणि आपली हवा

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचे वेळापत्रक असते. बहुतेक आधुनिक पेट्रोल मोटारींसाठी दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, असा साधारण नियम दिसतो. मात्र याच पुस्तिकेत थोडे पुढे 'कठीण परिस्थितीतील वापर' अशा अर्थाचा एक भाग असतो आणि तो फारसे कोणी वाचत नाही. धुळीचे रस्ते, दमट व खारी हवा, घाटरस्ते आणि वारंवारचा कमी अंतराचा प्रवास, यांपैकी काहीही लागू असेल तर तेल, फिल्टर आणि ब्रेक अधिक लवकर तपासावेत किंवा बदलावेत, असे तेथे स्पष्ट लिहिलेले असते.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे पाहावे. पेडण्याच्या पश्चिमेला मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल आणि केरी ही किनाऱ्यावरची गावे आहेत. ज्या आगरवाड्यात मिठागरे आहेत, तेथील हवेत मिठाचा अंश असणारच. पूर्वेला राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि मोपचा विमानतळ यांमुळे वेगाच्या वाहतुकीची भर पडली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. तेव्हापासून पेडण्यातील अनेक कुटुंबांसाठी गाडी हेच उपजीविकेचे साधन झाले आहे. डिचोलीत समुद्र नाही. पण खनिजाची धूळ, तांबडी माती, चढउताराचे रस्ते आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या नद्या आहेत. दोन्ही तालुक्यांत वर्षाला साधारण तीन हजार मिलीमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. याचा अर्थ 'कठीण परिस्थिती' हीच आपली रोजची परिस्थिती आहे आणि पुस्तिकेतील तो न वाचलेला भाग आपल्यासाठीच लिहिलेला आहे.

कमी चालते, म्हणून तेल चांगले?

"गाडी वर्षात चार हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही, मग तेल कशाला बदलायचे?" हा प्रश्न गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो. प्रश्न वरकरणी रास्त वाटतो, पण उत्तर उलटे आहे. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन थंड असताना या वाफेचा काही अंश आणि न जळलेल्या पेट्रोलचे कण तेलात मिसळतात. गाडी सलग वीसपंचवीस मिनिटे चालली तर तेल पुरेसे तापते आणि हे पाणी उडून जाते. मये ते डिचोली बाजार किंवा घर ते देऊळ एवढाच प्रवास होत असेल, तर तेल पूर्ण तापण्याआधीच इंजिन बंद होते. पाणी आत साठत राहते आणि तेलाचा वंगणाचा गुण हळूहळू घटतो. तेल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर, साईसारखा थर दिसला तर हेच घडत असल्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे गाडी कमी चालणाऱ्यांनी किलोमीटरकडे न पाहता वर्षाचा हिशेब पाळावा.

तेलाची पातळी तपासणे हे घरी करता येण्याजोगे काम आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाचदहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर गेलेले तेल खाली उतरते. मग मोजकाठी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेपलीकडे तेल भरणेही अपायकारकच असते. महिन्यातून एकदा हे केले, तर तेल गळत आहे किंवा जळत आहे हे इंजिनचा तांबडा दिवा लागण्याच्या कितीतरी आधी कळते. तो दिवा लागल्यानंतर मात्र पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाण्याचा मोह धरू नये, तेथेच थांबावे.

कूलंटच्या बाबतीत एक सवय सोडायला हवी. पातळी कमी दिसली की विहिरीचे किंवा नळाचे पाणी ओतले जाते. त्या पाण्यातील क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि कूलंटमधील गंजरोधक घटक पातळ होतात. अडचणीच्या वेळी पाणी ओतावे लागले, तर नंतर कूलंट बदलून घ्यावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील दाबामुळे उकळते पाणी थेट चेहऱ्यावर येते.

डिचोलीची धूळ

डिचोली तालुक्यातील रस्त्यांनी खनिजाचे सगळे चढउतार पाहिले आहेत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही काळ चालल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. लिलाव झालेल्या डिचोली ब्लॉकमध्ये २०२४ मध्ये काम परत सुरू झाले. खाणींविषयी मते वेगवेगळी असू शकतात. खनिज वाहतुकीच्या मार्गाजवळ राहणाऱ्याच्या गाडीचा एअर फिल्टर मात्र लवकर भरतो, यात दुमत नाही.

एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी इंजिनला हजारो लिटर हवा ओढावी लागते. त्या हवेतील धूळ अडविण्याचे काम एक साधा घडीचा कागद करतो. तो कागद भरला की इंजिनला श्वास अपुरा पडतो, ओढ कमी होते आणि इंधन जास्त लागते. तो फाटला किंवा नीट बसला नाही, तर धुळीचे टणक कण थेट सिलिंडरमध्ये जाऊन आतील गुळगुळीत भिंती खरवडतात. पहिल्या स्थितीत काहीशे रुपयांचे नुकसान होते, दुसऱ्या स्थितीत इंजिन उघडावे लागते. फिल्टर हवेच्या झोताने साफ करताना झोत आतून बाहेर, म्हणजे स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, आणि कमी दाबाने मारावा. झोत उलट मारल्यास धूळ कागदात अधिकच खोल रुतते. धुळीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी दर पाच हजार किलोमीटरला फिल्टर काढून उजेडात धरावा. उजेड आरपार दिसत नसेल तर नवा घालावा. एसीच्या फिल्टरलाही हेच लागू पडते, कारण त्यातून येणारी हवा आपल्याच फुप्फुसात जाते.

धुळीने माखलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय तर सर्वत्र दिसते. त्या धुळीत वाळूचे आणि खनिजाचे कण असतात. फडक्याखाली ते सँडपेपरचे काम करतात. आधी पाणी सोडून धूळ वाहू द्यावी, मग मऊ कापड लावावे.

चोर्ल्याच्या उतरणीवर

ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो धडा आमच्या घराने घाबरून घेतलेला आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातच बेळगावचे लग्न उरकून आम्ही चोर्ला घाटातून परत येत होतो. गाडी नऊ वर्षांची होती. पाच माणसे आत आणि डिकी सामानाने भरलेली. बाबा सावकाश चालविणारे. पण उतरणीवर 'पेट्रोल वाचते' म्हणून वरच्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकवर पाय दाबत उतरण्याची त्यांची जुनी सवय होती. केरीच्या अलीकडे जळल्यासारखा वास येऊ लागला. कोणाच्या तरी ट्रकचा असेल, असे आम्हाला वाटले. पुढच्या वळणावर बाबांनी ब्रेक दाबला आणि पेडल काहीही प्रतिकार न करता थेट खाली गेले. त्यांनी दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या खडीत घातली आणि ती थांबली. दरीची बाजू डावीकडे नव्हती, एवढेच आमचे नशीब. गाडीत कोणी काही बोलले नाही. तासाभराने पेडल पुन्हा पूर्वीसारखे घट्ट लागले, जणू काही घडलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका वयस्क मेस्त्रींनी ब्रेक ऑईलच्या डबीचे झाकण उघडले. आतील द्रव काळ्या चहासारखा दिसत होता. "हे कधी बदलले होते?" त्यांनी विचारले. बाबांनी सर्व्हिसिंगच्या बिलांची पिशवी काढली. दरवर्षी 'ब्रेक तपासले' अशी नोंद होती, दोनदा पॅड बदलल्याचीही होती. ब्रेक ऑईल बदलल्याची नोंद मात्र नऊ वर्षांत एकदाही नव्हती. ते बदला, असे आम्हीही कधी सांगितले नव्हते, कारण ते बदलायचे असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

ब्रेक ऑईल हे नावाला तेल आहे. तो पाणी शोषून घेणारा द्रव आहे आणि हवेतील ओलावा तो रबरी नळ्या व डबीच्या झाकणातून हळूहळू घेत राहतो. पेडल दाबल्यावर हा द्रव दाब थेट चाकापर्यंत पोहोचवतो, कारण द्रव दाबला जात नाही. 'डॉट ३' प्रतीचे नवे ब्रेक ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या त्याच द्रवासाठी ठरविलेली किमान मर्यादा १४० अंश आहे. 'डॉट ४' साठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ असे आहेत. लांब उतरणीवर ब्रेक सतत दाबून ठेवला की चाकाजवळचे तापमान या खालच्या मर्यादेपलीकडे सहज जाते. द्रवातील पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाते. ब्रेक मात्र लागत नाही. सारे थंड झाले की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल परत घट्ट लागते. त्यामुळेच आमच्या गाडीत काहीच बिघाड नसल्यासारखे वाटत होते.

म्हणून गोव्यासारख्या दमट प्रदेशात ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत त्याहून कमी मुदत असेल तर त्या मुदतीत, बदलावे. हे काम स्वस्त आहे आणि तासाभरात होते. प्रत कोणती, हे डबीच्या झाकणावरच लिहिलेले असते. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनच गाडी आवरून धरते. ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून सोडावा, सतत घासत ठेवू नये. पेट्रोल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे तर निव्वळ गैरसमजावर आधारलेले आहे. आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते.

टायर : चार तळहातांएवढा आधार

चालत्या गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरांच्या मिळून चार तळहातांएवढ्या जागेतून. पावसाळ्यात या जागेखालील पाणी बाहेर फेकण्याचे काम टायरवरच्या खोबणी करतात. नव्या टायरची खोबण साधारण सातआठ मिलीमीटर खोल असते. कायद्याने मोटारीसाठी ती किमान १.६ मिलीमीटर असावी लागते आणि ही मर्यादा दाखविणारे लहान उंचवटे खोबणीतच बसविलेले असतात. ते टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत आले की टायर संपला. प्रत्यक्षात आपल्या पावसासाठी ही मर्यादा फारच तोकडी आहे. खोबण तीन मिलीमीटरवर आली की मेमध्येच टायर बदलण्याचा विचार करावा. धारगळ ते पत्रादेवी या रुंद महामार्गावर वेग सहज वाढतो आणि पाण्याचा थर साचलेला असेल तर गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगू लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग हलके लागते, ब्रेक निरुपयोगी ठरतो. तसे जाणवले तर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे.

टायरचे वयही पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडी अंक कोरलेला असतो. पहिले दोन अंक आठवडा व नंतरचे दोन वर्ष दर्शवितात. उदाहरणार्थ, २३२१ म्हणजे २०२१ मधील तेविसावा आठवडा. पाचसहा वर्षांनंतर खोबण शिल्लक असली तरी रबर कडक होते व बाजूला बारीक चिरा पडतात. हवा टायर थंड असतानाच तपासावी. किती हवा भरायची, हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर असतो. महिन्यातून एकदा स्टेपनीचीही हवा पाहावी; ती नेमकी पावसाळी रात्री बाहेर काढली जाते. दर आठदहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल आणि मोठ्या खड्ड्यात चाक आदळले तर अलाइनमेंट, एवढे केले तरी टायरचे आयुष्य बरेच वाढते.

पेडण्याचा खारा वारा

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि हवा पुरेशी असते. मीठ हे काम वेगाने करवून घेते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या गाडीला गंज बाहेरून दिसतो तेव्हा तो आतून बराच पसरलेला असतो. सुरुवात होते ती चाकांच्या कमानीच्या आतल्या काठावर, दाराच्या खालच्या कडेला, सायलेन्सरच्या जोडावर आणि खालच्या चौकटीच्या पोकळीत. दाराच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात. ती मातीने बुजली की दारातच पाणी साचते. मऊ काडीने ती मोकळी ठेवणे, हा फुकटचा पण मोठा उपाय आहे.

केरी-तेरेखोल फेरीबोटीतून गाडी नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. भरतीच्या वेळी उताराच्या धक्क्यावर खारे पाणी असते आणि ते गाडीच्या पोटाखाली उडते. किनाऱ्यावर वाळूत उभी केलेली गाडीही मीठ घेऊनच परतते. अशा प्रवासानंतर एकदोन दिवसांत गोड्या पाण्याने गाडीचे पोट धुवावे. पावसाळ्यापूर्वी खालून गंजरोधक लेप लावून घेणे चांगले. परंतु तो धुतलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या पत्र्यावरच लावला पाहिजे. ओल्या मातीवर लेप दिला, तर ओलावा आतच कोंडला जातो आणि गंज लेपाआड सुरक्षितपणे वाढतो. रंगाचा टवका उडाला असेल तर तेथे लगेच रंगाचा ठिपका द्यावा.

किनाऱ्यापासून दूर असलेल्यांनाही झाडांपासून जपावे लागते. माडाखाली गाडी लावू नये, हे नारळ किंवा झावळी पडल्यावरच अनेकांना पटते. आंब्याचा चीक रंगावर डाग पाडतो. पुढच्या काचेच्या खालच्या जाळीत साचलेली पाने पाण्याची वाट अडवतात आणि मग पावसाचे पाणी थेट पायाशी उतरते.

पुराच्या पाण्यात

ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाचे पाणी सोडल्यावर डिचोलीतील साळ आणि पेडण्यातील इब्रामपूर, चांदेल परिसरात पाणी घुसले होते. २३ जुलै २०२१ चा पूर तर १९८२ नंतरचा सर्वात भीषण असल्याचे मुख्यमंत्र्यांनी त्या वेळी सांगितले होते. साखळीकरांना वाळवंटी नदीचा स्वभाव वेगळा सांगण्याची गरज नाही. अशा वेळी गाडीबाबत घेतलेला एक चुकीचा निर्णय लाखाच्या घरात जातो.

रस्त्यावरील पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर गाडी त्यात घालू नये. पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा सेल्फ मारू नये. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल, तर पिस्टन ते दाबू पाहतो. पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जे इंजिन केवळ साफ करून वाचले असते, ते एका किल्लीने निकामी होते. अंगणात उभ्या असलेल्या गाडीत पाणी शिरल्यास, स्वतःला धोका नसेल तेव्हाच बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी, गाडी ओढून न्यावी आणि तेल, फिल्टर, ब्रेक व वायरिंग तपासल्याशिवाय चालू करू नये.

विम्याचीही बाजू पाहावी. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान सहसा येते. पण पाण्यात अडकल्यावर इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान अनेकदा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. नदीकाठी राहणाऱ्यांनी पॉलिसी जूनपूर्वी काढून वाचावी. पाण्यातील गाडीची छायाचित्रे घ्यावीत आणि कंपनीला ताबडतोब कळवावे.

परदेशी धनी आणि उभी गाडी

गोव्यात आणखी एक प्रकारची गाडी दिसते, ती म्हणजे धनी आखातात, युरोपात किंवा जहाजावर असल्यामुळे महिनोन् महिने उभी असलेली. घरचे लोक तिच्यावर ताडपत्री घालतात आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू करतात. दोन्ही गोष्टी चांगल्या हेतूने केल्या जातात, पण दोन्हींनी नुकसान होते. प्लास्टिकची ताडपत्री ओल कोंडते. हवा खेळणारे आवरण किंवा नुसते छप्पर बरे. पाच मिनिटे इंजिन चालविल्याने सेल्फला लागलेली वीजही बॅटरीत परत भरत नाही आणि वर सांगितल्याप्रमाणे तेलात पाणी वाढते. दहापंधरा दिवसांनी का होईना, गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी. त्यामुळे टायर एकाच जागी दबत नाहीत आणि ब्रेकच्या तबकडीवरील तांबेराही निघून जातो. ते शक्य नसेल तर बॅटरीची तार सोडवून ठेवावी. हँडब्रेक ओढून ठेवला तर दमटपणात तो चिकटून बसतो. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल ओलावा शोषते. दीर्घकाळ उभ्या गाडीची टाकी रिकामी ठेवली की आत दमट हवेला जागा मिळते. त्यामुळे टाकी बऱ्यापैकी भरलेली असावी. जुन्या गाड्यांच्या रबरी इंधननळ्या वर्षातून एकदा मेस्त्रीकडून तपासून घ्याव्यात. पावसाळ्यात उबदार जागा शोधणारे उंदीर बॉनेटखाली येतात आणि तारा कुरतडतात. तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय अनेक जण करतात. परंतु गाडीत खाद्यपदार्थ न ठेवणे आणि दोनतीन दिवसांनी बॉनेट उघडून पाहणे अधिक खात्रीचे. बॉनेट उघडताना हात घालण्यापूर्वी आत नीट पाहावे. उंदरांच्या मागावर सापही येतात.

जूनपूर्वीची यादी

पहिल्या पावसापूर्वी एका सकाळी करता येतील अशी कामे पुढीलप्रमाणे आहेत. वायपरचे रबर पाहावे. पाण्याच्या रेषा राहत असतील तर नवे घालावे. सर्व दिवे, इंडिकेटर आणि मागचे ब्रेकचे दिवे दुसऱ्या माणसाला मागे उभे करून तपासावेत. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर असल्यास ऋण तार आधी सोडवून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने साफ करावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. बंद गाडीच्या बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असावा. आपल्या उष्ण हवेत बॅटरी तीन ते पाच वर्षे टिकते. आतून काचा धुरकटल्या तर एसी चालू करून बाहेरची हवा आत घ्यावी; एसी हवेतील ओल काढून टाकतो. पायाखालचे गालिचे महिन्यातून दोनदा उन्हात टाकावेत, नाहीतर बुरशी येते.

यासोबत कागदपत्रेही पाहावीत. पीयूसी आणि विमा यांच्या तारखा तपासाव्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. डिचोलीच्या जीए-०४ क्रमांकाच्या कित्येक जुन्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. त्यांच्या धन्यांनी ही मुदत विसरू नये.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे काय केले, याची स्वतःची नोंद ठेवावी. गॅरेज अधिकृत असो वा गावातले, बिलातील 'तपासले' आणि 'बदलले' या दोन शब्दांत मोठे अंतर असते. बदललेला जुना भाग दाखवायला सांगणे म्हणजे अविश्वास नव्हे. चांगला मेस्त्री तो आपणहून दाखवतो.

चोर्ल्याच्या त्या दुपारनंतर बाबांनी एक वही केली आहे. तीत तारीख, किलोमीटर आणि काम अशा तीन रकान्यांत नोंदी असतात. दर मे महिन्यात नळे परतणाऱ्या माणसाला निरोप गेला की ते वही उघडतात आणि ब्रेक ऑईलची शेवटची तारीख आधी पाहतात. या वर्षी तिला दोन वर्षे पूर्ण होत आहेत. पुरुमेताच्या यादीत सुक्या बांगड्यांखाली त्यांनी ते लिहूनही ठेवले आहे.